साखरेच्या थराखाली

आगमनकाळाचे रविवार एकामागून एक सरू लागतात, तसतशी आपल्या धर्मग्रामातील स्वयंपाकघरे रात्री उशिरापर्यंत जागी राहू लागतात. दारावर कागदी तारा लागतो, अंगणात गव्हाणीसाठी पेंढा येऊन पडतो आणि घरात केकवर, बिस्किटांवर साखरेची नक्षी काढण्याचे काम सुरू होते. लोणीकागदाच्या पुंगळीतून साखरेची बारीक धार सोडायची, हात थरथरू द्यायचा नाही, श्वास रोखून एकेक पाकळी उमटवायची. तास-दोन तास खपून केलेली ही शोभा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत सुरीखाली जाते. आमच्या घरातील एक वृद्ध आत्या हे सारे पाहून दरवर्षी म्हणत, “तोंडात गेल्यावर सगळं सारखंच. मग एवढा खटाटोप कुणासाठी?”

प्रश्न साधा होता. आम्ही हसून तो टाळीत असू. परंतु जो प्रश्न वर्षानुवर्षे हसून टाळावा लागतो, तो साधा नसतो, हे पुढे आमच्या ध्यानी आले. कुणासाठी? ज्याचा जन्मोत्सव त्याच्यासाठी, घरातल्या माणसांसाठी, पाहुण्यांसाठी, की त्या पाहुण्यांच्या तोंडून येणाऱ्या कौतुकासाठी?

आत्यांच्या तरुणपणी वसईच्या आमच्या पट्ट्यात घरोघरी भट्टी नव्हती. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, त्यात केकचे भांडे ठेवून, झाकणावर निखारे रचून केक भाजला जाई. मुंबईकडील नातेवाईक पीठ कालवून जवळच्या बेकरीत नेत आणि आपल्या डब्यावर नावाची चिठ्ठी लावून येत. त्या केकला वरून सजावट अशी नसेच. मात्र सजावट घरात नव्हती असे नाही. कुलकुलांवर रेघा उठाव्यात म्हणून पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली जाई. करंजीची कड कातणाने नागमोडी कापली जाई. काजूच्या मार्झिपानला साच्यातून फुलाचा, माशाचा आकार येई. पदार्थ आणि त्याची शोभा एकाच हाताने, एकाच वेळी घडत असे. शोभेला पदार्थापासून वेगळे काढता येत नव्हते.

केकवर साखरेचा वेगळा थर चढविण्याची रीत आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आली. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईंनी 1769 साली प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात विवाहाच्या केकची कृती आहे. आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर, अशी आज आपल्याला परिचित असलेली जोडी तिथे आढळते. 1840 साली व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात जो केक मांडला होता त्याचे वजन सुमारे 300 पौंड होते. या थराला केवळ मिरविणे ठाऊक होते, असे मात्र म्हणता येणार नाही. अंड्याचा पांढरा भाग, वस्त्रगाळ साखर आणि लिंबाचे चार थेंब घोटून केलेले हे लिंपण वाळले की कठीण होते, आणि आतील सुक्या मेव्याचा केक लवकर कोरडा पडत नाही. विवाहाच्या केकचा वरचा मजला राखून ठेवावा आणि पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याला तो कापावा, अशी रीत इंग्लंडमध्ये रूढ झाली ती यामुळेच शक्य झाली. म्हणजे थर झाकतो आणि झाकता झाकता राखतोही. झाकण्याचे हे दोन अर्थ वाचकांनी मनात ठेवावेत; पुढे त्यांची गरज पडणार आहे.

आता आत्यांचा आक्षेप घेऊ. ही उधळपट्टी नव्हे काय? या आक्षेपाला शुभवर्तमानात मोठे जुने उदाहरण आहे. बेथानीच्या घरी मारियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. प्रभूने मारियेची बाजू घेतली. त्या तेलाचा घरभर दरवळण्यापलीकडे काही उपयोग नव्हता, आणि ते परत कुपीत भरता येण्याजोगेही नव्हते. प्रेमाने केलेली गोष्ट जपून ठेवता येत नाही म्हणून ती व्यर्थ ठरत नाही, असा त्या प्रसंगाचा बोध आम्ही घेतो. नक्षीदार केकही कापण्यासाठीच असतो. ‘किती सुंदर आहे, कापवत नाही’ असे म्हणून जो केक पाहुण्यांसमोर नुसताच मिरवला जातो, त्यातील देणे संपलेले असते.

परंतु मारियेचे उदाहरण पुढे करून सुटका करून घेणेही बरे नव्हे. यहूदाच्या मनात गरिबांची काळजी नव्हती, हे शुभवर्तमानकारानेच नमूद केले आहे. आक्षेप घेणारा खोटा होता, म्हणून गरीब खोटे ठरत नाहीत. ज्या काळात इंग्लंडमध्ये केकवर साखरेचा थर चढू लागला, त्या काळातील बरीचशी साखर वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून येत होती. 1791 साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी ती साखर घरात आणणे थांबविले. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रियांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे 1807 साली तो व्यापार आणि 1833 साली गुलामीची प्रथा कायद्याने बंद करण्यात आली. कायद्याला ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षे लागली, ती कित्येक गृहिणींनी चहाच्या पेल्यापाशीच ठरवून टाकली होती.

आपली साखरही कुणाच्या तरी हातांतून येते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ कापला जातो. आपण नाताळच्या मिस्सेला जातो त्या रात्री ती माणसे फडाच्या कडेला पालांत असतात, आणि त्यांच्या मुलांची गावची शाळा सुटलेली असते. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्यशासनाला समिती नेमावी लागली. हे वाचून कुणी केक करणे सोडावे असे आम्ही सुचवीत नाही. पण साखर जितकी पांढरी, तितका तिच्यामागचा हात दिसेनासा होतो, एवढे तरी स्मरणात असावे. झाकण्याचा हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वांत सोयीचा.

इथवरचे सारे आम्ही पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचून लिहू शकलो असतो. लिहावयास बसलो ते मात्र निराळ्या कारणाने. पंचविसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. त्या वर्षी केकवरची गव्हाणी आपणच काढणार, असा तिने हट्ट धरला. संध्याकाळभर ती ओट्याशी स्टूल ओढून उभी होती. मारिया, योसेफ आणि मेंढरे एकाच उंचीची झाली. तपकिरी रंग संपला म्हणून गाढव निळे झाले, आणि ते गोठ्यापेक्षाही मोठे होते. बाळ येशूला जागाच उरली नाही, म्हणून त्याला तिने गाढवाच्या पाठीवर निजविले. मग दमून, निळ्या बोटांनीच ती झोपी गेली.

नाताळच्या दिवशी काही प्रतिष्ठित पाहुणे यावयाचे होते. आम्ही त्या केककडे बराच वेळ पाहिले. ‘पोरीचे हसे होईल,’ असे आम्ही एकमेकांना म्हणालो. मग सुरीच्या पात्याने हळूहळू सारे खरवडून एका वाटीत काढले, वर नवा पांढरा थर दिला आणि त्यावर हिरवी पाने, लाल फळे आणि चांदीचे मणी यांची सुबक किनार काढली. सकाळी ती केकसमोर उभी राहिली आणि तिने विचारले, “माझं गाढव कुठंय?”

“हवेनं पसरलं, बाळ,” आम्ही म्हणालो. “सगळं ओघळलं होतं. म्हणून पुसून घेतलं.”

पाहुणे आले. एकाने विचारले, “एवढी सुंदर कलाकुसर कुणाची?” आणि आमच्या तोंडून निघून गेले, “आमच्या लेकीची.” तिने मान खाली घातली. पाहुण्यांना तो विनय वाटला.

अगोदर तिचे काम पुसले, मग त्याविषयी तिच्याशी खोटे बोललो, आणि शेवटी आमचे काम तिच्या नावावर घालून तिलाही त्या खोट्यात ओढले. तिचे हसे होऊ नये म्हणून हे केले, असे आम्ही पुष्कळ वर्षे मनाशी घोकीत राहिलो. पण तिला लाज कुठे वाटत होती? ती तर आपले निळे गाढव साऱ्या जगाला दाखविण्यास आतुर होती. लाज आमची होती, आणि ती तिच्या केकवरून आम्ही पुसून काढली होती.

गेल्या नाताळात आम्ही तिच्या घरी होतो. ती आता स्वतः आई आहे. तिचा मुलगा बिस्किटांवर साखरेचे मासे काढीत होता. एकाही माशाला शेपूट धड नव्हती. आमचा हात सुरीकडे जातो की काय, असे आम्हालाच वाटले. त्या क्षणी राहवले नाही आणि आम्ही तिला सारे सांगून टाकले. ती काम न थांबविता म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. कपाटात मागच्या बाजूला वाटी होती. माझं गाढव त्यात होतं, तुकडे झालेलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“पाहुण्यांपैकी कुणी पाहिलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून खाऊन टाकलं मी.”

आठ वर्षांच्या मुलीने आपल्या आईबापांची लाज गिळून टाकली होती. आम्हीही झाकले आणि तिनेही झाकले. बाहेरून पाहता दोन्ही कृती सारख्याच दिसतात. भेद कुठे आहे, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहोत. आम्ही झाकले ते आमचे नाव राखण्यासाठी, आणि त्याची किंमत तिने मोजली. तिने झाकले ते आमची मान खाली जाऊ नये म्हणून, आणि त्याचीही किंमत तिनेच मोजली. झाकणे प्रेमाचे की दिखाव्याचे, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी आम्हाला सापडलेली नाही. किंमत कोण मोजतो ते पाहावे. ऊस तोडणाऱ्याच्या बाबतीतही हीच कसोटी लागू पडते, आणि तिथे उत्तर आपल्या बाजूचे येत नाही.

मग नेटकेपणाला, कौशल्याला काहीच मोल नाही काय? तसेही नाही. निर्गमच्या ग्रंथात निवासमंडपाच्या घडणीची हकिकत आहे. सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने यांवर कलाकुसर करणाऱ्या बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने भरले, असे तिथे सांगितले आहे. सजविणाऱ्या हाताला याहून मोठा मान तो कोणता? पण त्याच ग्रंथात थोडे पुढे आणखी एक गोष्ट आहे. बसालेलाला इतरांना शिकविण्याची बुद्धीही दिली होती. आमच्याकडे त्या रात्री कसब होते. शिकविण्याचे मात्र आम्हाला सुचले नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या शेजारी स्टुलावर बसून पुंगळी कशी धरावी एवढे दाखविले असते, तर पुढच्या वर्षीचे गाढव गोठ्यात मावले असते. निळेच राहिले असते, तरी मावले असते.

आता आत्या हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आज द्यावयाचे झाले तर आम्ही म्हणू, खटाटोप ज्याच्याबरोबर केला त्याच्यासाठी. ज्याला दाखवायचे तो शेवटी येतो आणि एक तुकडा खाऊन जातो. ओट्याशी शेजारी उभा असलेला माणूस मात्र पंचवीस वर्षे आठवण जपून ठेवतो.

आपल्याकडे नाताळचे ताट शेजारीपाजारी जाते, आणि दिवाळीत फराळाचे ताट त्या घरांतून येते. ताट लावताना चांगले नग वर आणि मोडके खाली, अशी आपली सवय. गेल्या नाताळात आमच्या लेकीने ताट लावले तेव्हा बिनशेपटीचे सारे मासे वर ठेवले. शेजारच्या काकू झाकण उचलून हसल्या आणि त्यांनी विचारले, “हे कुणी केलं?” नातू पुढे झाला आणि त्याने आपली निळी बोटे दाखविली.