‘सहकार्य केले नाही’

रुग्णसेवा ब्यूरोकडून माणूस आलं की सोबत एक वही येते. आत्याच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारपणात आमच्याकडे अशा चार वह्या भरल्या. पानावर पट्टीने आखलेले रकाने : वेळ, बीपी, शुगर, खाणे, लघवी, संडास आणि शेवटी शेरा. पहिल्या दोन वह्यांत शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य पुन्हापुन्हा भेटतं. ‘आजींनी सकाळचा चहा घेतला नाही. सहकार्य केले नाही.’ तारखा बदलतात, अक्षर बदलतं, वाक्य तेच.

आत्या सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवत होती. मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरे लिहिण्यात तिची हयात गेली. म्हातारपणी रोज तिच्याच नावापुढे शेरा पडू लागला, आणि तोही नापासाचा. खाली पालकाच्या जागी माझी सही. मी ती न वाचता करत होतो. बरेच पालक तसंच करतात.

तिसरी बाई आली तेव्हा वहीही तिसरी सुरू झाली होती. बाई कसली, चोवीस-पंचवीसची पोरगी, हिंगोलीकडची. पहिल्याच सकाळी तिने चहा आणला, आत्याने तोंड फिरवलं. मी सवयीने म्हटलं, ‘‘राहू दे, ती घेत नाही.’’ पोरीने माझ्याकडे पाहिलंही नाही. आत्यासमोर उकिडवी बसून तिने विचारलं, ‘‘आजी, चहा कशात पिता तुम्ही?’’

आत्याचे शब्द तोवर बरेच हरवले होते. तिने थोडा वेळ घेतला. मग दोन्ही तळवे पुढे करून बोटं जरा वाकवली, आणि ओठांचा चंबू करून फुंकर मारली.

बशी! आत्या जन्मभर चहा बशीत ओतून पीत आली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी तिच्या त्या फुर्रर्र आवाजाची आम्ही सगळी भावंडं नक्कल करायचो. पण ती आजारी पडल्यावर दुकानातून झाकणाचा आणि तोटीचा प्लास्टिकचा कप आणला, आणि चहा त्यातूनच द्यायचा असं ठरून गेलं. कोणी ठरवलं? बहुधा मीच. (गिळण्याचा त्रास असता तर गोष्ट वेगळी होती, डॉक्टरांना विचारावं लागलं असतं. तिला तो नव्हता. सांडतं, एवढंच कारण होतं.) पोरीने कपाटातली कपबशी काढली, आत्याच्या मांडीवर पंचा पसरला आणि बशीत चहा ओतला. आत्याने बशी दोन्ही हातांनी धरली. निम्मा चहा पंचाने प्याला, निम्मा आत्याने. वीस मिनिटं लागली. मग आत्याने बशी पुढे केली. अजून हवा होता.

टॉम किटवूड हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी आजूबाजूचे कसे वागतात, हे बारकाईने पाहण्यात त्याची बरीच वर्षं गेली. १९९७मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याचं ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक आलं. माणसाचं माणूसपण कुरतडणाऱ्या वागणुकीचे सतरा प्रकार त्याने त्यात नोंदवले आहेत. मारहाण, शिवीगाळ एवढंच तुम्ही त्या यादीत शोधाल, तर फसाल. समोरच्याला लहान मूल समजणं, त्याच्या देखत तो नसल्यासारखं बोलणं, त्याला झेपणार नाही अशा वेगाने बोलणं, उठवणं, भरवणं, असले रोजचे मामले त्यात आहेत. आणि किटवूड सांगतो, हे करणारे दुष्ट नसतात. बहुतेक चांगलीच माणसं असतात. वागायची रीत आधीपासून चालत आलेली असते, ती त्यांनी उचललेली असते. आमच्याकडे आलेल्या पहिल्या दोन बायका वाईट नव्हत्या. मीही स्वतःला वाईट म्हणणार नाही. पण त्या यादीतले सहा-सात प्रकार आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवसाढवळ्या नांदत होते.

देखत बोलण्याचंच घ्या. बीबीसी रेडिओवर १९७७पासून वीसेक वर्षं अपंग व्यक्तींविषयीचा एक कार्यक्रम चालू होता. त्याचं नाव होतं, ‘डझ ही टेक शुगर?’ चाकाच्या खुर्चीतला माणूस समोर बसलेला असताना चहा देणारा खुर्ची ढकलणाऱ्याला विचारतो : हे साखर घेतात का? आपल्याकडचा दवाखाना आठवा. आत्या मांडीवर पर्स घट्ट धरून डॉक्टरांसमोर बसलेली. डॉक्टर मला विचारतात, ‘‘झोप कशी आहे यांची?’’ आणि मी बिनदिक्कत सांगतो, ‘‘बरी आहे.’’ मी पलीकडच्या खोलीत घोरत असतो. मला काय माहीत?

समोरच्याला लहान मूल करण्यासाठी मराठीने एक सर्वनामही वेगळं काढून ठेवलं आहे. ‘आपण’ हा खरं तर आदराचा कळस. ‘आपण केव्हा आलात?’ आजारी माणसाच्या खोलीत मात्र त्याचं बोबडं होतं. ‘‘चला, आता आपण गोळी घेऊ या हं. शहाण्यासारखं आपण आंघोळ करू या.’’ गोळी एकटी आत्या घेणार, थंडीत कुडकुडणारही तीच, आणि ‘आपण’ सगळे. आवाज एक पट्टी वर जातो, शब्दाशब्दाला ‘हं’ लागतो. ज्या बाईने दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली तिला आम्ही बालवाडीत बसवलं होतं.

‘आजी’ हे संबोधनही तसंच. आपुलकीचं आहे, मान्य. पण आत्याने लग्न केलं नव्हतं. ती कोणाचीच आजी नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी पोरीने भिंतीवरचा चौथीच्या वर्गाचा फोटो पाहिला. मधोमध खुर्चीवर आत्या, आजूबाजूला मातीत बसलेली तीस-पस्तीस पोरं. ‘‘तुम्ही शाळेत बाई होतात?’’ असं विचारून ती सहज म्हणाली, ‘‘बाई, वेणी घालू का?’’ आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. ‘आजी’ म्हटल्यावर ती कधीच अशी वळत नसे. त्या दिवसापासून वहीत ‘आजी’ दिसत नाहीत. ‘बाईंनी जेवण केले’, ‘बाईंना बाल्कनीत बसवले.’

सगळं असं गोड नव्हतं. आत्या संध्याकाळी दाराकडे बघत विचारायची, ‘‘अण्णा आला?’’ अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी तिला खरं सांगायचो. खोटं बोलू नये, हे तिनेच शिकवलं होतं. मग ती रडायची. ऐकल्या क्षणी नव्याने भाऊ गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच सुतक. बायको म्हणायची, येतील म्हणून सांग, कशाला रडवतोस. ते माझ्या जिभेवर येत नसे. आत्याच्या अश्रूंच्या जिवावर मी माझा खरेपणा सांभाळत होतो, हे आता कळतं. पोरीने दोन्ही केलं नाही. ‘‘अण्णांना काय आवडायचं खायला?’’ असं विचारलं. ‘‘पिठलं,’’ आत्या म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून असा नेमका शब्द आला. मग पातळ की घट्ट, लसूण किती, यावर दोघींचं जे काही चाललं ते अर्धं हातवाऱ्यांचं होतं. अण्णा आले की नाही हा प्रश्न त्या संध्याकाळी राहूनच गेला. यात लबाडी आहे का? मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, आत्याला बातमी नकोच होती. तिला अण्णांविषयी बोलायचं होतं, आणि माझ्याकडे त्यावर फक्त मृत्यूचा दाखला होता.

खाटेवरून मात्र आमची खडाजंगी झाली. भाड्याने आणलेली कठड्याची खाट. आत्याला ती नको होती. तिला जमिनीवर गादी हवी होती. आम्हाला ते गैरसोयीचं, शिवाय लोक काय म्हणतील! ती रात्री कठड्यावरून पाय टाकायची. आम्ही म्हणायचो, तिला आता काही कळत नाही. या ‘कळत नाही’वर आपल्या कायद्यानेच बोट ठेवलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे की, उपचारांबाबत एखाद्याने घेतलेला निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. माहितीसुद्धा त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी, जमेल त्या मार्गाने द्यायची आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. कायदा उपचारांपुरता बोलतो, गादी-खाटेचं तो सांगत नाही. पण वाचल्यावर मी गप्प झालो. गादी खाली घातली. जमिनीवरून पडणार कुठे? इतकी साधी गोष्ट आत्याला कळत होती.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरतो. कायद्याने तेवढंच धरावं; बशीतला चहा कलमात बसवता येत नाही. एवढा वेळ कोणाला आहे, हा प्रश्न मला पत्रातून येणारच. वृद्धाश्रमात एकेका मदतनिसाच्या वाट्याला कितीतरी जण असतात, तिथे वीस मिनिटांची बशी परवडणार नाही, हे खरं आहे. तिथल्या मदतनिसाला दोष देण्याचा हक्क मला नाही. पण आमच्या घरी नको असलेला चहा रोज तीनदा गरम व्हायचा, त्यावर वाद व्हायचे, सांडल्यावर साडी बदलावी लागायची. तो वेळ आम्ही कधी मोजला नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधली वृद्धांवर उपचार करणारी तरुण डॉक्टर. स्वतः कर्करोगाने आजारी. २०१३मध्ये रुग्णालयात पडून असताना तिच्या लक्षात आलं की, तपासायला, सुया टोचायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आपलं नावही सांगत नाहीत. तिने मोहीम सुरू केली : आधी सांगा, नमस्कार, माझं नाव अमुक. २०१६मध्ये, चौतिसाव्या वर्षी ती गेली. मोहीम चालू राहिली. हे वाचून मी आमच्या घराकडे पाहिलं आणि वाटलं, आपल्याकडे हे उलट्या दिशेनेही व्हायला हवं. बारा तासांची पाळी करायला येणाऱ्या मुलीला आम्ही तरी कुठे नाव विचारलं होतं? ‘ब्यूरोची बाई.’ शाळेत ज्या शब्दाने आत्याचा मान होता, तोच आमच्या तोंडी या मुलीसाठी नावाऐवजीचा शब्द झाला होता. तिचा चहाचा कप वेगळा, स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला. आत्याशी माणसासारखं वागावं, ही आमची तिच्याकडून अपेक्षा होती आणि तिचा कप आम्ही खिडकीत ठेवत होतो. कप आत घेण्याचं श्रेय आत्याचं. एकदा तिने स्वतःची बशी पोरीपुढे सरकवली आणि ती घेईपर्यंत हात मागे घेतला नाही.

आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली. परवा त्या मुलीला फोन करून विचारलं, तुझ्याबद्दल लिहितोय, नाव छापू का? ‘‘नको दादा,’’ ती म्हणाली, ‘‘ब्यूरोवाले वाचतील.’’ मग दहा मिनिटं आत्याबद्दल बोलली. तिचं नाव मला आता माहीत आहे, आडनावही. फोन ठेवताना पडद्यावर पाहिलं. नंबर अजून ‘बाई दिवसपाळी’ म्हणूनच सेव्ह आहे.