सर्दीतून आलेलं आणि दाढेतून आलेलं

चि. मृण्मयी,


ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, हे ताईकडून कळलं. तिथं रात्री कान-नाक-घशाचा डॉक्टर हाताशी नसणार, म्हणून मानेत खोलवर होणाऱ्या पुवाबद्दल लिहितो. पुस्तकात हे सगळं एकाच प्रकरणात येतं, पण लहान मूल आणि मोठा माणूस यांच्यात त्याची वाटच निराळी असते.

मुलांत बहुधा सर्दीपासून सुरुवात होते. घशाच्या मागे, मणक्यांच्या पुढे लसिकाग्रंथी असतात. नाक, अ‍ॅडेनॉइड, मधला कान यांतला संसर्ग तिथं पोचतो आणि गाठ पिकते. साधारण पाच-सहा वर्षांनंतर या गाठी झिजत जातात, त्यामुळे हे दुखणं मुख्यतः त्याआधीच्या वयाचं. दोन वर्षांचं पोर ‘घसा दुखतो’ म्हणून सांगत नाही. आई सांगते, सर्दी झाली होती, आता ताप आहे, दूध घेत नाही, लाळ गळते. आईच्या मांडीवरच असू दे त्याला. खेळणं उजवीकडे, डावीकडे, मग वर धर. मान जागची न हलवता नुसते डोळे फिरवत असेल, तर सावध हो. ताप आणि ताठ मान दिसली की सगळ्यांना आधी मेंदूज्वर आठवतो. त्यात मान पुढे वाकवताना त्रास होतो, इथं बहुधा वर करताना. शंका उरली तर दोन्ही धरून चाल. जीभ दाबून घसा बघायचा हट्ट मात्र नको. मानेचा बाजूनं एक्स-रे रडत्या मुलाचा काढलास, तर नसलेली सूजही दिसेल.

मोठ्यांना आधी दातांचं विचार. खालच्या मागच्या दाढांची मुळं इतकी खोल असतात की पू हनुवटीखाली, जिभेच्या तळाशी उतरतो. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेला आजार तो हाच. आपल्याकडचा पेशंट दुखण्याच्या गोळ्या खाऊन, वरून हळद-चुन्याचा लेप लावून येतो. लेप पुसून काढ आणि बोटांनी चाचप. सूज कडक असते. ती पिकून मऊ होण्याची वाट बघणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. जीभ वर उचललेली आहे का, बोलताना तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज येतो का, ते बघ. तोंड उघडत नसेल तर कधीपासून, हे नक्की विचार. गुटखा खाणाऱ्याचं ते वर्षानुवर्षं आखडलेलं असू शकतं. आणि शुगर तपासच. ‘मला नाही हो’ म्हणणाऱ्यांचीसुद्धा. मधुमेह्यांत ताप फारसा नसतानाही पू छातीपर्यंत उतरू शकतो.

मोठ्या माणसाच्या घशामागची सूज हळूहळू वाढत असेल, तर मणक्याचा क्षय आठव. अचानक आली असेल तर माशाचा काटा गिळला का, विचार.

उपचारांतही फरक आहे. मूल स्थिर असेल, श्वास मोकळा असेल आणि गळू लहान असेल, तर सलाईनमधून प्रतिजैविकं देऊन २४ ते ४८ तास नजरेखाली ठेवता येतं. बऱ्याच मुलांना चिरा लागत नाही. मोठ्यांत, विशेषतः मधुमेह्यांत, इतका धीर धरू नये. पण ही नजर ठेवायची ती मोठ्या रुग्णालयात, तुझ्या वॉर्डात नाही.

पाठवताना प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन पाठव. रुग्णाला आडवं करू नकोस, ज्या स्थितीत श्वास घेता येतो तसंच बसू दे. बरोबर कोणीतरी जाणतं माणूस दे. आणि गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन करून भूलतज्ज्ञांना सांग, श्वासनलिकेला छेद देण्याची तयारी ठेवा म्हणून.

तुझा,
मामा