भीतीपोटी घेतलेला जीव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सत्संगात अधूनमधून एक प्रश्न येतो आणि अर्धवटच राहतो. रोगाची साथ आली म्हणून सरकारने गोठ्यातली जनावरं मारायचा हुकूम काढला, तर भक्ताने काय करायचं? जीवदया म्हणून आडवं उभं राहायचं, की दहा जणांच्या भल्यासाठी एकाचा जीव जाऊ द्यायचा? आपल्या ग्रुपमध्ये शेती-दुभती असलेली घरं पुष्कळ आहेत, म्हणून या वेळच्या चिंतनासाठी हाच विषय घेतला.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथे कारमार्थनशायर भागात स्कंद वेल नावाचा आश्रम आहे. श्रीलंकेत जन्मलेले गुरू सुब्रमण्यम यांनी तो १९७३ साली स्थापला. तिथे देवळाच्या गोठ्यात शंभो नावाचा सहा वर्षांचा काळा बैल होता. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याची क्षयाची चाचणी दोषी आली. तिकडचा नियम असा की चाचणी दोषी आली की जनावर मारायचं. तिथे या एका रोगापायी दरवर्षी हजारो गुरं मारली जातात.

आश्रमातल्या लोकांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. याचं दूध कोणी पीत नाही, याचं मांस कोणी खाणार नाही, आम्ही याला बाकीच्या गुरांपासून वेगळं ठेवलंय, पुन्हा पुन्हा तपासा, खर्च आम्ही करू. वीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या. शंभो दिवसभर काय करतो ते जगाला दिसावं म्हणून त्याच्यासमोर कॅमेरा लावला. प्रकरण कोर्टात गेलं. १६ जुलैला कार्डिफच्या न्यायाधीशांनी आश्रमाच्या बाजूने निकाल दिला. आठवड्यात, २३ जुलैला, वरच्या कोर्टाने तो फिरवला. २६ जुलैला अधिकारी पोलीस घेऊन आले. भक्त शंभोभोवती बसून पूजा आणि भजन करत होते. त्यांना बाजूला करून शंभोला नेलं आणि इंजेक्शन देऊन मारलं.

पुढचं मुद्दाम सांगते, कारण असल्या फॉरवर्डमध्ये तेवढंच गाळलेलं असतं. मेल्यानंतर तपासलं तेव्हा त्याच्या शरीरात क्षयाला असतात तशा गाठी मिळाल्या. म्हणजे सरकारची भीती खोटी नव्हती. आणि तिथल्या शेतकऱ्यांनी जे विचारलं तेही खोटं नव्हतं: आमची गुरं नेली तेव्हा कोण आलं होतं भजन म्हणायला? आमचा जीव नव्हता का त्यांच्यात?

मग आश्रम चुकला का? मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायचा प्रयत्न करते.

गांधीजींच्या साबरमती आश्रमात १९२८ साली एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. उपाय सगळे संपले, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं. देशभर गदारोळ झाला, संतापाची पत्रं आली. त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लिहून आपली बाजू मांडली. त्यांचा निर्णय पटो न पटो, एक गोष्ट नीट पाहा. त्या वासराला मरण दिलं ते त्या वासरासाठी, त्याच्या वेदना संपाव्यात म्हणून. शंभोला मारलं ते शंभोसाठी नव्हतं. तो तळमळत नव्हता, उभा होता, खात होता. त्याला मारलं ते आपल्या भीतीपोटी.

भीतीपोटी केलेलं सगळंच पाप असतं असं नाही. घरात साप निघाला तर आई मुलाला आधी मागे ओढते, अहिंसेचा विचार नंतर करते. पण भीतीचा एक स्वभाव आहे: पहिला जो उपाय दिसतो तोच एकमेव उपाय आहे असं तिला वाटतं. जीव घ्यायच्या आधी दुसरा रस्ता पाहिला का, एवढं विचारणं हा भक्तीचा हट्ट नाही, तो धर्म आहे. कार्डिफच्या पहिल्या न्यायाधीशांचा मुद्दाही जवळजवळ हाच होता: या बैलाला मारणं खरंच गरजेचं आहे का, हे सरकारने नीट तोललं नाही.

न तोलता हुकूम निघाले की काय होतं ते त्याच देशाने आधी पाहिलं होतं. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकूत आली. आपल्या शेतकऱ्याला हा रोग नवा नाही. तोंडात फोड, खुरात जखमा, दूध आटतं, लहान वासरं दगावतात, पण मोठं जनावर बहुतेक वेळा बरं होतं. आपल्याकडे जखमा धुतात, मऊ चारा देतात आणि वाट बघतात. ब्रिटनमध्ये मात्र साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. नुसती आजारी नव्हेत, शेजारच्या शेतातली धडधाकटसुद्धा. डेव्हन भागात एक पांढरं वासरू मेलेल्या आईशेजारी पाच दिवसांनी जिवंत सापडलं. लोकांनी त्याचं नाव फिनिक्स ठेवलं. त्याला मारायला पुन्हा माणसं येणार म्हटल्यावर एवढा आवाज उठला की सरकारला धोरण सैल करावं लागलं आणि ते वासरू वाचलं.

एवढी कत्तल कशासाठी? लस होती की. पण लस टोचली तर ‘रोगमुक्त देश’ हा शिक्का लवकर परत मिळत नाही आणि मांस-दुधाची निर्यात अडते. त्याच वर्षी नेदरलँडमध्ये आधी लस टोचली आणि नंतर ती टोचलेली जनावरंही मारली. इथे भीती जिवाची कमी आणि बाजाराची जास्त होती. शंभो आणि ही कत्तल यांत फरक करायला हवा तो इथे. जीव वाचवायला जीव घेणं हा अवघड प्रश्न आहे. व्यापार वाचवायला जीव घेणं हा अवघड प्रश्न नाही, त्याला फक्त अवघड शब्दांत गुंडाळलेलं असतं.

दुसरा रस्ता असतो हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मथुरेला लाळ-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांविरुद्ध लसीकरणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. १३,३४३ कोटी रुपयांची योजना आणि ५० कोटींवर जनावरं. २०२२ साली लंपी आला. देशात लाखावर गुरं दगावली, जनावरांचे आठवडी बाजार बंद झाले, कितीतरी गोठे रिकामे झाले. पण ‘आजूबाजूची सगळी मारा’ असं इथे कोणी म्हटलं नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, आजारी गाय वेगळी बांधली, गोठ्यात धूर केला, गोचीड-माश्या आवरल्या. नुकसान झालंच, पण जी वाचली ती माणसांच्या हातांनी वाचली.

आता जरा अवघड भाग. आपण गाईसाठी रडतो. कोंबडीसाठी कोण रडतं? २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारल्या. पेपरात शब्द काय होता? ‘नष्ट केल्या’. बैल मारतात, कोंबड्या नष्ट करतात, जणू रद्दी जाळली. त्यांत आजारी होत्या तशा निरोग्याही होत्या, मोठ्या पोल्ट्रीतल्या होत्या तशा एखाद्या बाईने परसात पाळलेल्या चारसुद्धा होत्या. त्या रोगाची भीती मात्र खरी आहे. तो पक्ष्यांत झपाट्याने पसरतो, आणि २०२१ साली दिल्लीच्या एम्समध्ये एक मुलगा त्याने गेला. तिथे ‘एकही मारू नका’ असं मी म्हणणार नाही. पण एकेका शेडमध्ये हजारो पक्षी दाटीवाटीने कोंबायचे, रोगाला रान मोकळं करून द्यायचं आणि मग रोग आला म्हणून सगळ्यांना पोत्यात भरायचं, यात दोष त्या पाखरांचा किती? स्वस्त अंड्याच्या हिशेबात हे मरण आधीच धरलेलं असतं. आपण खात नसलो तरी याच बाजारात राहतो, म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपली परंपरा ‘फक्त गाय’ असं कधी म्हणालेली नाही. नाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा होता, आणि जुन्नरजवळ आळे गावी त्याची समाधी आजही पूजतात. गाढव, कुत्रा, रेडा. ज्यांना कोणी विचारत नाही तेच संतांनी निवडले. आपल्या बेळगावात पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून मिरवतात तेव्हा त्यामागेही हीच समज असते: हे जनावर घरचं माणूस आहे.

पण घरच्या माणसाला साथीचा आजार झाला तर आपण काय करतो? लपवत नाही. वेगळी खोली देतो, डॉक्टर बोलावतो, शेजाऱ्याला सांगतो, रात्री उठून बघतो. म्हणून विरोध करायचा तर त्याची किंमत द्यायची तयारी हवी. स्कंद वेलच्या लोकांची हीच गोष्ट मला मोलाची वाटते. त्यांनी ‘मारू नका’ म्हटलं आणि लगेच ‘सांभाळ आम्ही करतो’ असंही म्हटलं. ज्याला दुसरं वाक्य म्हणता येत नाही त्याने पहिलं म्हणू नये. लस टोचू न देणारा, आजार लपवून जनावर बाजारात विकणारा आणि वर जीवदयेची पोस्ट टाकणारा माणूस शेजाऱ्याच्या गोठ्यात मरण पाठवतो. ती अहिंसा नव्हे.

तर आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवू या:

🔸 असा हुकूम कधी आला तर शांतपणे विचारावं: हे जनावर खरंच आजारी आहे, की फक्त आजाऱ्याच्या शेजारी आहे? वेगळं ठेवणं, लस, उपचार हे करून पाहिलं का? यातून वाचणार काय, कुणाचा जीव की कुणाचा व्यापार? शेतकऱ्याचं म्हणणं कुणी ऐकलं का, त्याला भरपाई काय?

🔸 गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला वेळेवर लस द्यावी. संशय आला की लगेच जनावरांच्या डॉक्टरांना कळवावं. दूध उकळूनच वापरावं.

🔸 लसीविरुद्धचे आणि ‘अमुक काढा पाजा, रोग जातो’ असले मेसेज पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

🔸 आणि सगळं करूनही एखाद्या जिवाला मरण द्यावंच लागलं, तर ते कमीत कमी त्रासाचं असावं आणि त्याला ‘नष्ट केलं’ म्हणू नये. शेजाऱ्याचा गोठा रिकामा झाला तर त्याच्या दारी जाऊन बसावं. शंभोच्या वेळी तिथल्या शेतकऱ्यांनी जो प्रश्न विचारला, तो आपल्याला कुणी विचारायची वेळ येऊ नये.

घरात यावर बोला. मुलांना विचारा, त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा सरळ असतात. पटलं नाही तर तेही मोकळेपणाने कळवा.

आपली एक सेविका
॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏