घोटा आणि घोटाळा

रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना माझा उजवा घोटा मुरगळला. साक्षात रामाच्या दारी पाय घसरावा, यात काही सूचना असेल, हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा नुसतं दुखत होतं.

चार दिवस आंबेहळदीचा लेप लावला. घोटा पिवळा झाला, पण बरा होईना. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी घोटा दाबला, मी ओरडलो, आणि तेवढ्या पुराव्यावर त्यांनी एमआरआय काढायला सांगितलं. खर्च सात हजार.

"काका, विमा आहे ना?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "मग एक रात्र ॲडमिट व्हा. सगळं क्लेममध्ये बसवून देतो."

निव्वळ तपासणीसाठी झालेली भरती विम्यात धरत नाहीत. विमा नियामकाने २०१९ साली वगळलेल्या खर्चांची जी प्रमाण यादी केली, तिच्यात हे कलम चौथं आहे. म्हणून ही एक रात्र.

त्याने फॉर्म पुढे केला. त्यात रोगाच्या नावाबरोबर आयसीडी-१० चा कोडही भरायचा असतो. सांधेदुखी म्हणजे एम २५.५, घोटा मुरगळला तर एस ९३.४. या यादीचं मूळ १८९३ सालचं, बर्तिलाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाचं. त्याची यादी मृत्यूच्या कारणांची होती. म्हणजे पूर्वी नंबर लागायला मरावं लागे, आता लंगडलं तरी पुरतं! अमेरिकेत तर उजव्या घोट्याचा कोड वेगळा, डाव्याचा वेगळा. बदकाने धडक दिली तर त्यालाही तिथे कोड आहे. गोदाकाठी पाय घसरला तर मात्र नाही.

मी विचारात पडलो. इतकी वर्षं हप्ते भरले, एक पैसा घेतला नाही. घोटा खरा, दुखणं खरं, कोडही खरा. खोटं काय, तर 'रात्रभर ठेवणे आवश्यक' एवढे तीन शब्द. आणि त्यांनी कोणाचं काय जाणार? कंपनीचं! पण कंपनीजवळ पैसा येतो कुठून? माझ्यासारख्याच कारकुनांच्या हप्त्यांतून. ज्याला खरोखर हार्टअटॅक येईल, त्याच्या गाठोड्यातून मी सात हजार काढणार होतो.

तरीही मोह सुटेना. मग आठवली ती परवाची आजीबाई. पेन्शन काढायला आली होती. हात थरथरला, सही जुळली नाही, आणि मी, नियमावर बोट ठेवून, तिला पुन्हा सही करायला लावली. एकदा नव्हे, तीनदा. तिथे माणूस खरा होता, कागद तेवढा चुकत होता. इथे कागद अगदी बिनचूक होणार होता आणि माणूस खोटा. कागद पाहून माणूस ओळखायचा, यातच माझी निम्मी नोकरी गेली. हा कागद माझ्यासमोर आला असता तर मी डोळे मिटून पास केला असता!

आता तुम्ही म्हणाल, मी बाणेदारपणे फॉर्म परत केला. छे! मी म्हटलं, "बघू." आणि भरती होण्याजोगा दिसावा म्हणून जरा जास्तच लंगडत बाकाकडे निघालो.

"अहो," ही मागून म्हणाली, "दुखतोय उजवा ना? मग डावा का ओढताय?"

मी जागच्या जागी थांबलो. मग काउंटरवर जाऊन सात हजार रोख मोजले.

घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. शेजारी मला 'हरिश्चंद्र' म्हणून हसतात. मी गप्प बसतो. मला सत्याने सावरलं की नुसत्या लाजेने, याचा हिशेब अजून जुळलेला नाही. एवढं मात्र कळलंय की घोटा आणि घोटाळा यांत अंतर एकाच अक्षराचं असतं. आणि ते अक्षर डॉक्टर लिहीत नाही, कंपनीही लिहीत नाही. ते आपल्याच हातून पडतं.