दृष्टांताचे ग्राह्य अंग

परमेश्वर मन-वाणीला अगोचर. तरीही जीवास बोध व्हावा म्हणून वाणीचाच आश्रय करावा लागतो. आणि तेथेच अलंकारांचे प्रयोजन उत्पन्न होते. म्हणून अलंकारविचार हा केवळ कवींचा विषय आहे असे साधकाने मानू नये.

पनवेल तालुक्यातील कोन या गावी हे निरूपण लिहीत असता त्या नावापासूनच आरंभ करू. ‘तो कोनातून पाहतो’ या वाक्यात ‘कोन’ म्हणजे गावही होईल आणि दृष्टीची दिशाही होईल. एका शब्दाचे असे दोन अर्थ निघणे, हा श्लेष. कोणता अर्थ घ्यावा, हे प्रसंगावरून ठरते. सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले हे जाणण्यासाठी आपल्या पंथात प्रकरणवशाचा अभ्यास सांगितला आहे, तो याच कारणाने.

आता साम्यमूलक अलंकार पाहू. ‘मुख चंद्रासारखे’ ही उपमा. येथे दोन वस्तू वेगळ्या राहतात. ‘मुख जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा. येथे संभावना आहे. ‘मुखचंद्र’ हे रूपक. येथे भेद असूनही अभेद बोलला जातो. तो अभेद वाणीतला आहे, वस्तूतला नव्हे.

हे न जाणल्यास काय हानी होते? ‘परमेश्वर ज्ञानसूर्य आहे’ असे म्हटले असता अज्ञानाचा अंधार नाहीसा करणे एवढेच साम्य ग्राह्य आहे. परंतु कोणी त्यावरून सूर्यालाच परमेश्वर मानील, तर जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचा विवेक मोडेल. देवता ती देवताच. उपमेने ती परमेश्वर होत नाही. अलंकार समजण्यात झालेली ही चूक अखेर उपासनेतील चूक होते.

यास्तव केशोबासांच्या दृष्टांतपाठाची रचना मनन करण्याजोगी आहे. त्यात ११४ दृष्टांत असून सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम आहे. जन्मांध हत्ती पाहावयास जातात. पाय चाचपणारा त्यास खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. प्रत्येकाचा अनुभव खरा, पण प्रत्येकाचा निर्णय अपुरा; संपूर्ण हत्ती डोळसालाच दिसतो. येथे एकदेशी ज्ञान हे ग्राह्य अंग. हत्तीचा रंग कोणता, तो कोणाच्या मालकीचा, हे विचारण्याचे कारण नाही. दार्ष्टांतिक ती सीमा आखून देते. न्यायशास्त्रातही लौकिक व परीक्षक या दोघांची बुद्धी जेथे एक होते, त्यास दृष्टांत म्हटले आहे. सर्वज्ञांनी नित्याच्या व्यवहारातील दृष्टांत घेतले, ते सामान्य जनांसही कळावे म्हणूनच.

अलंकाराची दुसरी मर्यादा रसाची. भास्करभट्ट बोरीकरांच्या शिशुपाळवधाचे काव्यगुण सर्वमान्य आहेत. परंतु त्यातील शृंगार निवृत्तिमार्गी साधकास उपयुक्त नाही, असा अभिप्राय तत्कालीन पंथीयांत निघाला. त्यानंतर त्यांनी उद्धवगीता रचिली, अशी परंपरा आहे. आज साती ग्रंथांत दोन्हींस मानाचे स्थान आहे. काव्य त्याज्य नव्हे, पण शोभेपाशीच थांबणे साधकास परवडणारे नाही.

म्हणून पोथी वाचताना तीन प्रश्न करावेत : साम्य कशाचे? किती? आणि कोणत्या प्रयोजनासाठी? नावेने पैलतीर गाठल्यावर कोणी नाव डोक्यावर घेत नाही. बोध होताच दृष्टांतही तसाच खाली ठेवावा आणि अर्थ आचरणात धरावा.