उंबरठ्यावरचे यंत्र

वाचकहो, दाराशी आलेल्याला ‘नाही’ म्हणणे योग्य की अयोग्य, यावर पुष्कळ वाद घालता येईल. परंतु दारही उघडायचे नाही, आणि ‘नाही’ असेही म्हणायचे नाही, नुसते ताटकळत ठेवायचे, याला काय म्हणावे?

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर हे घडले. खंडणी, खूनखराबा, उपासमार यांना भिऊन हैती, व्हेनेझुएला, होंडुरास इत्यादी देशांतले लोक बायकापोरांसह तेथवर आले. पलीकडे अमेरिका. सीमेवर आलेल्या परदेशी माणसाला आश्रय मागता येईल, असे तिथल्या कायद्यात १९८० पासून लिहिलेले. पण जानेवारी २०२३ मध्ये दाराशी ‘सीबीपी वन’ नावाचे मोबाइलवरचे ॲप बसले. त्यात नावगाव भरायचे, चेहरा दाखवायचा आणि भेटीच्या तारखेची वाट पाहायची. कित्येकांनी महिनेच्या महिने पाहिली. मे २०२३ पासून तर असा नियम झाला की, तारीख न घेता येईल तो, काही अपवाद सोडता, आश्रयाला अपात्र.

यंत्राची बाजूही ऐकली पाहिजे. पुढे रोज १४५० तारखा निघू लागल्या. २०२४ अखेर नऊ लाखांवर लोकांनी त्या घेतल्या. हे काही थोडे नव्हे.

पण ज्याचा फोन वाटेत चोरीला गेला, त्याने काय करावे? ॲपला भाषा तीनच: इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रेओल. काळ्या वर्णाचा चेहरा त्याला ओळखूच येत नाही, अशी तक्रार हैतीच्या लोकांनी केली. आता पाहा, दारात माणूस असता तर त्याच्या पाया पडता आले असते, नाहीतर भांडता तरी आले असते. कडेवरचे तापाने फणफणलेले पोर त्याला दाखवता आले असते. तो निष्ठुर असेलही. पण ऐकलेले त्याला रात्री अंथरुणावर आठवण्याचा संभव तरी होता. यंत्राला दोष द्यावा तर ते बिचारे जड! बसवणाऱ्याचा हेतू काहीही असो, ऐकणारा दारातून उठून आत गेला, एवढे मात्र खरे.

२० जानेवारी २०२५ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष सत्तेवर येताच तारखांची ती सोय बंद झाली. सुमारे तीस हजार लोकांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. काही जण तर त्याच दिवसाची तारीख घेऊन सीमेवर उभे होते. त्यांना ते कळले हातातल्या फोनवर. मार्चमध्ये तेच ॲप ‘सीबीपी होम’ असे नवे नाव घेऊन आले. या खेपेस त्यात, आपण होऊन देश सोडून जात असल्याची वर्दी देण्याची सोय केली होती.