उपेक्षित हंगाम आणि मोलाचा प्रश्न

जी वस्तू उपभोगासाठीच निर्माण झाली आहे, ती कधीही न उपभोगण्याच्या निश्चयाने विकत घ्यावी काय? आणि तिची उपेक्षा होत असताना ती स्वस्तात साठवून पुढे महाग विकणाऱ्यास रसिक म्हणावे, दूरदर्शी म्हणावे, की केवळ सटोडिया? हा प्रश्न आम्ही आज विचारार्थ घेत आहोत. उदाहरण निवडले आहे ते फ्रान्समधील बोर्दो प्रदेशातील तांबड्या द्राक्षमद्याचे. मद्य प्यावे की नाही, हा येथे मुद्दा नव्हे. आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी तो केव्हाच निकालात निघालेला आहे. किंबहुना ज्यास या वस्तूचा मोह नाही, त्यासच तिच्या व्यापारातील नीती तटस्थपणे पाहता येईल.

बोर्दोच्या मद्याचे मोल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: मळा कोणता आणि हंगाम कोणत्या वर्षाचा. मेदोक भागातील मळ्यांची प्रसिद्ध उतरंड १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त लावली गेली. ती लावणारे मद्याचे दलाल होते, आणि त्यांनी प्रामुख्याने आधार घेतला तो बाजारभावाचा. म्हणजे गुणावरून किंमत नव्हे, तर किमतीवरून गुणाचा क्रम! हंगामाचा निवाडा मात्र दरवर्षी नव्याने होतो. मद्य पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात, जाणकार त्याची चव घेऊन मत देतात आणि भाव फुटतो. बाटल्या हाती पडतात त्या पुढे दीड-दोन वर्षांनी. एका वर्षाचा डंका वाजला की शेजारचे वर्ष झाकोळते. २००० च्या कीर्तीपुढे २००१ फिके ठरले. तथापि अशा वर्षांतही चांगल्या मळ्यांतून सकस मद्य निघते. कोवळेपणी त्याचा तुरटपणा जिभेस बोचतो. थंड, काळोख्या तळघरात दहा-वीस वर्षे बाटली आडवी पडून राहिली, म्हणजे तो निवळतो व रस परिपक्व होतो.

येथे दोन गिऱ्हाइके संभवतात. दोघेही उपेक्षित वर्षाच्या बारा बाटल्यांची पेटी स्वस्तात घेतात, दोघेही ती जपून ठेवतात. बाह्यतः कृती एकच. परंतु कायद्याच्या अभ्यासकास हे ठाऊक असते की, कृतीस रूप येते ते हेतूने. एक थांबतो तो रस पिकावा म्हणून. दुसरा थांबतो तो भाव पिकावा म्हणून.

दुसऱ्याच्या बाजूने जे सांगता येईल, ते प्रथम सांगितले पाहिजे. तो कोणास फसवीत नाही. विकणारा आपल्या मालाचा जाणता मालक असतो. मद्य पिंपात असतानाच उत्पादकास पैसा मिळतो, तो अशाच गिऱ्हाइकांमुळे. शिवाय जगाने तुच्छ लेखलेल्या वस्तूवर स्वतःचे धन लावण्यास धैर्य लागते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो निराळाच. ‘जगास न दिसलेला गुण मी ओळखला’ असा जो दावा हा गुंतवणूकदार करतो, तो खरा आहे काय?

शातो लाफितच्या २००८ च्या मद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. जागतिक आर्थिक संकटात, २००९ च्या वसंतात, ते तुलनेने स्वस्तात बाजारात आले. पुढे जाणकारांनी त्याची वाखाणणी केली व भाव चढला. एवढ्यापर्यंत गुणाची कदर झाली असे म्हणता येईल. परंतु २०१० साली मळ्याच्या मालकांनी जाहीर केले की, या वर्षाच्या बाटलीवर चिनी लिपीतील आठ हा अंक तांबड्या रंगात कोरला जाईल. चीनमध्ये हा अंक शुभ मानतात. भाव पुन्हा उसळला! बाटलीतील रसात एका थेंबाचाही फरक पडला नव्हता. २०११ च्या मध्यापासून बाजार घसरू लागला, तेव्हाही रस तोच होता. ज्यांना नफा झाला त्यांनी रसाची पारख केली नव्हती. इतरांस उद्या कशाचा मोह पडेल, याचा अंदाज बांधला होता. ती चतुराई खरी, पण तीस रसिकता म्हणता येणार नाही.

या बाबतीत ब्रिटनचा कायदा एक मार्मिक पेच उभा करतो. ज्या जंगम वस्तूचे अपेक्षित आयुष्य पन्नास वर्षांहून अधिक नाही, ती तेथे क्षयशील मानली जाते व तिच्या विक्रीवरील भांडवली नफ्यास सामान्यतः कर लागत नाही. उंची मद्य त्याहून अधिक टिकू शकते, अशी शंका तेथील करखाते घेते. परिणामी त्याच मालकास करअधिकाऱ्यापुढे सांगावे लागते की आपली वस्तू नाशवंत आहे, आणि गिऱ्हाइकापुढे सांगावे लागते की ती दीर्घायुषी आहे.

धनाच्या तीनच गती भर्तृहरीने नीतिशतकात सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. आमच्या मते भाववाढ ही चौथी गती नव्हे. ती या तिहींपैकी एकीची लांबणी आहे. पेटी दहा हातांतून फिरली, दहापट किमतीस गेली, तरी अखेर कोणीतरी ती उघडील, कोणास देईल, अथवा रस विटून जाईल. सोने याबाबत मालकाची भ्रांती टिकू देते. मद्य देत नाही. परिपक्वतेचा काळ उलटला की ते उतरणीस लागते, मग पेटीवरील किंमत काहीही असो.

यास्तव नफा घेणे हे आम्ही पाप मानीत नाही. व्यापारास तेवढी मुभा असलीच पाहिजे. परंतु उपेक्षितांची कदर केल्याचे श्रेय ज्यास हवे, त्याने निदान काही बाटल्या योग्य वेळी उघडून जाणत्या मित्रांत वाटल्या पाहिजेत. हा नियम मद्यापुरताच नाही. उपेक्षित चित्रकाराचे चित्र गुंडाळून तिजोरीत ठेवणारा आणि दुर्मिळ ग्रंथ न वाचता कपाटात कोंडणारा, यांनाही तो लागू आहे. वस्तूची उपेक्षा जगाने केली, तेव्हा ती निदान उघड्यावर होती. आता तिची उपेक्षा तिचा मालकच करीत आहे, आणि तीही कुलूप लावून.